दोघांचे बेट, लाखोंचा देश

निळाशार समुद्र, त्यातून थेट वर उठलेली दोन सुळकेदार शिखरे, पायथ्याशी नारळांची बाग आणि वाळूत केवळ दोन माणसांच्या पाऊलखुणा. मधुचंद्राच्या परदेशी सहलींचे कोणतेही माहितीपत्रक उघडावे, हे चित्र त्यात बहुधा सापडतेच. पुष्कळदा ते चित्र सेंट लुसिया या कॅरिबियन बेटाचे असते. मधुचंद्रासाठी जगातील आघाडीचे स्थळ हा पर्यटन व्यवसायातील किताब या बेटाने अनेकदा पटकावला आहे. युरोप-अमेरिकेतील नवविवाहितांच्या मनात या बेटाला जे स्थान आहे, ते आपल्याकडे एके काळी काश्मीरला होते आणि आता मालदीवला आहे.

मात्र त्या चित्रातून एक गोष्ट सोयीस्करपणे वगळलेली असते. या बेटावर सुमारे एक लाख ऐंशी हजार माणसे राहतात. त्यांचा स्वतंत्र देश आहे, त्यांची भाषा आहे, त्यांना गुलामगिरीचा आणि शेतीच्या चढउतारांचा इतिहास आहे. दोघांना एकांत मिळावा म्हणून ही सारी माणसे चित्राच्या चौकटीबाहेर उभी केली जातात. हा एकांत कसा घडवला जातो, त्यासाठी मोजलेला पैसा कोठे जातो आणि तेथे जाणाऱ्या जोडप्याला एकांताबरोबर बेटही पाहायचे असेल तर काय करावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

नकाशावरचा ठिपका

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला बेटांची एक कमान आहे. तिच्यात उत्तरेला मार्टिनिक आणि दक्षिणेला सेंट व्हिन्सेंट यांच्या मध्ये सेंट लुसिया वसले आहे. क्षेत्रफळ अवघे ६१७ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडेसेच जास्त. पश्चिमेला शांत कॅरिबियन समुद्र आणि पूर्वेला खवळलेला अटलांटिक. साहजिकच बहुतेक हॉटेले पश्चिम किनाऱ्यावर आहेत. राजधानी कॅस्ट्रीज हे वायव्येकडील बंदर आहे, तर मोठा हेवानोरा विमानतळ दक्षिण टोकाला व्यू फोर्ट येथे आहे.

क्रिकेटप्रेमी मराठी वाचकाला हे बेट अगदीच अपरिचित नाही. समालोचनात ऐकू येणारे 'ग्रॉस आयलेट' ते हेच. स्थानिक लोक त्याचा उच्चार 'ग्रोझ इले' असा करतात. येथील मैदानावर जून २००६ मध्ये वीरेंद्र सेहवागने कसोटीत १८० धावा फटकावल्या. २०१० च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात सुरेश रैनाने शतक झळकावले आणि २०२४ च्या विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावांची खेळी केली. या मैदानाला आता डॅरेन सामीचे नाव आहे. वेस्ट इंडिजला दोन ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकून देणारा हा कर्णधार याच बेटाचा सुपुत्र. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची १०० मीटरची शर्यत जिंकून ज्युलियन आल्फ्रेडने या देशाला पहिलेवहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले, तेव्हा चिमुकल्या सेंट लुसियाकडे पुन्हा एकदा साऱ्या जगाचे लक्ष गेले.

ज्वालामुखीने घडवलेली शोभा

कॅरिबियनमधील पुष्कळशी बेटे सपाट, प्रवाळाची आणि पांढऱ्या वाळूची आहेत. सेंट लुसियाचा जन्म ज्वालामुखीतून झाला. म्हणून येथे उंच डोंगर, दाट पर्जन्यवने आणि काही ठिकाणी काळसर वाळू आढळते. बेटाचे मानचिन्ह ठरलेली दोन शिखरे म्हणजे ग्रो पिटन आणि पेटी पिटन, अर्थात थोरला पिटन आणि धाकटा पिटन. थोरला ७७० मीटर, धाकटा ७४३ मीटर. हिमालयाच्या तुलनेत ही उंची किरकोळ वाटेल. पण समुद्रसपाटीपासून ती सलग, जवळजवळ उभीच वर चढते. त्यामुळे होडीतून पाहणाऱ्याला त्यांची भव्यता चटकन जाणवते. २००४ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. देशाच्या राष्ट्रध्वजावरचे त्रिकोणही याच शिखरांचे प्रतीक आहेत.

शिखरांच्या कुशीत सूफ्रिएर हे जुने फ्रेंच वळणाचे गाव आहे. या नावाचा संबंध गंधकाशी आहे आणि गावाजवळ पोहोचताच नाकाला त्याची खात्री पटते. येथील गंधकाच्या झऱ्यांना 'मोटारीने जाता येणारा ज्वालामुखी' म्हणून प्रसिद्धी मिळाली आहे. खदखदणाऱ्या चिखलाच्या डबक्यांपर्यंत रस्ता जातो, पुढे मात्र सुरक्षित अंतरावरून पाहावे लागते. १७६६ मध्ये येथे वाफेचा छोटा उद्रेक झाला होता. त्यानंतर ज्वालामुखी केवळ धुमसतो आहे. खालच्या अंगाला गरम पाण्याच्या कुंडांत अंगाला काळा चिखल फासून स्नान करण्याची सोय आहे. नवविवाहितांची सर्वाधिक छायाचित्रे बहुधा याच अवतारात निघत असावीत!

या गरम पाण्याची महती फ्रान्सच्या सोळाव्या लुईपर्यंत पोहोचली होती. त्याच्या सैनिकांसाठी १७८० च्या दशकात सूफ्रिएरजवळ स्नानगृहे बांधली गेली. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती उद्ध्वस्त झाली. आज त्या जागी वनस्पती उद्यान, धबधबा आणि पुन्हा उभारलेली स्नानकुंडे आहेत.

चौदा वेळा बदललेली मालकी

या बेटाला 'वेस्ट इंडिजची हेलेन' म्हणतात. ग्रीक पुराणातील रूपवती हेलेनसाठी युद्ध पेटले. सेंट लुसियासाठी फ्रेंच आणि इंग्रज दीडशे वर्षे भांडत राहिले. बेटाची मालकी चौदा वेळा बदलली, असे सांगितले जाते. अखेर १८१४ च्या तहाने ते इंग्रजांकडे कायमचे गेले आणि २२ फेब्रुवारी १९७९ रोजी स्वतंत्र झाले. उत्तरेकडील पिजन आयलंडवर इंग्रज नौदलाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. समोरच्या मार्टिनिकमधील फ्रेंच आरमारावर येथून अॅडमिरल रॉडनी नजर ठेवत असे. आज तेथून दिसणारा सूर्यास्त जोडप्यांना मोह घालतो.

या भांडणाची खूण लोकांच्या जिभेवर राहिली. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी, रस्ता डावीकडून चालवायचा, खेळ क्रिकेटचा. पण गावांची नावे फ्रेंच आणि घरातली बोली क्वेयोल. क्वेयोल म्हणजे फ्रेंच शब्दांना आफ्रिकी वळण लागून तयार झालेली भाषा. दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी तिचा उत्सव होतो. त्या दिवशी बायका पारंपरिक चौकड्यांच्या कापडाचा पोशाख करतात आणि गावोगावी जुन्या पद्धतीचे जेवण रांधले जाते.

ही बोली ज्यांनी घडवली, त्यांना आफ्रिकेतून साखळदंडात बांधून आणले होते. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आणलेल्या या गुलामांची सुटका १८३४ ते १८३८ या काळात झाली. त्यानंतर मजुरांची चणचण भासू लागताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. १८५९ मध्ये 'पाल्मायरा' नावाचे जहाज पहिल्या गिरमिटिया मजुरांना घेऊन येथे आले. पुढील तीन-साडेतीन दशकांत चार हजारांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. काही परतले, बरेचसे तेथेच मिसळून गेले. त्यांची भाषा लोपली. रस्साभाजी गुंडाळलेली रोटी मात्र आजही बेटावर आवडीने खाल्ली जाते.

केळीकडून मधुचंद्राकडे

साखरेचे दिवस सरल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास येथे केळी आली. डोंगरउतारावर दोन-चार एकरांचे तुकडे कसणारे छोटे शेतकरी केळी पिकवत, जहाजे ती इंग्लंडला नेत आणि तेथील बाजारात जुन्या वसाहतींच्या मालाला सवलत असल्याने भावाची हमी राही. या 'हिरव्या सोन्या'ने घरे बांधली, मुलांना शाळेत पाठवले.

१९९० च्या दशकात हे चित्र पालटले. लॅटिन अमेरिकेतील हजारो एकरांच्या मळ्यांवरील केळी स्वस्त होती. युरोपच्या सवलतींविरुद्ध अमेरिका आणि लॅटिन अमेरिकी देश जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात लागला. सवलती टप्प्याटप्प्याने आटल्या आणि डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याचे गणित कोलमडले. अनेकांनी मळे सोडून दिले. त्यांच्या मुलामुलींना हॉटेलातील नोकरी हाच जवळचा मार्ग उरला.

योगायोग असा, की मनुष्यबळाच्या अशा स्थलांतराची अर्थशास्त्रीय मांडणी करणारा पंडित याच बेटाचा. कॅस्ट्रीजमध्ये जन्मलेल्या सर आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शेतीत गरजेपेक्षा जास्त असलेली माणसे आधुनिक उद्योगांकडे वळतात आणि त्या उद्योगांचा नफा पुन्हा तेथेच गुंतवला गेला तर देशाचा विकास होतो, असा त्यांच्या १९५४ च्या प्रसिद्ध निबंधाचा गाभा आहे. सेंट लुसियात माणसे वळली खरी. नफा पुन्हा तेथेच गुंतवला जातो का, हा प्रश्न मात्र मधुचंद्राच्या व्यवसायाला आजही विचारावा लागतो.

एकांताचा हिशेब

या व्यवसायाचा साचा आहे तो 'ऑल इन्क्लुझिव्ह' पद्धतीचा. निवास, न्याहारीपासून रात्रीपर्यंतचे जेवण, पेये, जलक्रीडा आणि विमानतळावरून नेआण, हे सारे एकाच रकमेत. ही रक्कम प्रवासाला निघण्यापूर्वीच भरायची. जमैकात १९८१ मध्ये सुरू झालेल्या सँडल्स या कंपनीने केवळ जोडप्यांसाठी अशी संकुले उभारून ही पद्धत कॅरिबियनभर पसरवली. सेंट लुसियात तिची तीन संकुले आहेत. याहून महागडा प्रकार सूफ्रिएरच्या बाजूला पाहायला मिळतो. तेथील 'जेड माउंटन' या २००६ मध्ये उघडलेल्या हॉटेलातील खोल्यांना चौथी भिंतच नाही. ती बाजू पिटनच्या दिशेने मोकळी सोडली आहे.

पाहुण्यांच्या दृष्टीने या पद्धतीचे फायदे उघड आहेत. पदोपदी पाकीट काढावे लागत नाही आणि खर्चाचा अंदाज आधीच येतो. लग्नाच्या धावपळीने थकलेल्या जोडप्याला कसलाही निर्णय घ्यावा न लागणे हेच मोठे सुख असते. मात्र सगळे आत मिळत असेल तर बाहेर पडण्याचे कारण उरत नाही. फाटकाबाहेरच्या खानावळीत, टॅक्सीत किंवा बाजारात खर्च करायला पाहुणा येतच नाही. आधीच भरलेल्या रकमेतील मोठा वाटा विमान कंपन्या, परदेशातील सहल कंपन्या आणि बाहेरच्या मालकांकडे जातो. हॉटेलात लागणाऱ्या खाद्यपदार्थांपैकी आणि मद्यापैकी बराच माल आयात केलेला असतो. अर्थशास्त्रात याला पर्यटनाच्या उत्पन्नाची गळती म्हणतात.

म्हणून ही हॉटेले बेटाची शत्रू आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हजारो घरांची चूल त्यांच्या पगारावर पेटते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे विमाने थांबली आणि हॉटेले बंद झाली, तेव्हा हे अवलंबित्व किती खोल आहे ते साऱ्यांना कळले. वाद आहे तो वाट्याचा आणि जागेचा. येथे कायद्याने सर्व किनारे सार्वजनिक आहेत. समुद्रालगतची पट्टी सरकारची मानण्याची प्रथा वसाहतकाळापासून चालत आली आहे. पण त्या किनाऱ्यावर उतरणारी वाट हॉटेलच्या आवारातून जात असेल, तर कागदावरचा हक्क पायाखाली कसा यावा? दोन पिटनांच्या मधल्या दरीत हॉटेल उभे करण्याचे ठरले, तेव्हा बेटाचे थोर कवी डेरेक वॉलकॉट यांनी त्याला उघड विरोध केला होता. हॉटेल झालेच. जागतिक वारसा क्षेत्रातील नव्या बांधकामांविषयी युनेस्कोनेही वेळोवेळी चिंता व्यक्त केली आहे.

हितसंबंध परस्परांना छेद देतात तेव्हा तोडगा निघू शकतो, याचेही उदाहरण सूफ्रिएरनेच दिले. मासेमारीच्या जाळ्यांच्या जागा, पाणबुड्या पर्यटकांचे प्रवाळ आणि श्रीमंतांच्या शिडाच्या नौकांचे नांगर यांवरून तेथे सतत खटके उडत. अखेर सर्वांनी एकत्र बसून १९९५ मध्ये समुद्राची विभागणी केली: काही पट्टे मासेमारीला, काही नौकांना आणि काही पूर्ण राखीव. राखीव पट्ट्यांमध्ये मासे वाढले आणि त्याचा लाभ शेजारच्या मच्छीमारांनाही झाला.

फाटकाबाहेर काय आहे?

सेंट लुसियाला जाणाऱ्या जोडप्याने एक दिवस तरी थोरला पिटन चढावा. वाटेची सुरुवात फाँ झाँ लिब्र या वस्तीपासून होते. या नावाचा अर्थ 'मुक्त माणसांची दरी'. अठराव्या शतकाच्या अखेरीस मळ्यांवरून निसटलेल्या गुलामांनी या डोंगरात आश्रय घेऊन लढा दिला होता. आज या परिसरातीलच वाटाडे पर्यटकांना शिखरावर नेतात. चढउतारास चार ते पाच तास लागतात. सह्याद्रीत भटकलेल्या तरुण जोडप्याला ही चढण जड जाऊ नये. वाटाड्याला दिलेला पैसा सरळ वस्तीत जातो आणि त्याच्या तोंडून ऐकलेला इतिहास कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

शुक्रवारची रात्र ग्रॉस आयलेटसाठी राखून ठेवावी. एरवी झोपाळू वाटणाऱ्या या मच्छीमारांच्या गावात त्या रात्री रस्त्यावर शेगड्या पेटतात, मासळी भाजली जाते आणि चौकात नाचगाणे रंगते. स्थानिक आणि पाहुणे एकाच रांगेत उभे राहून थाळी घेतात. अधिक शांत अनुभव हवा असेल तर आन्स ला रे या गावातील शुक्रवारची मासळीची जत्रा आहे. कॅस्ट्रीजच्या बाजारात मसाले, जायफळ, कोको आणि फळांचे ढीग पाहताना कोकणातल्या एखाद्या आठवडी बाजाराची आठवण व्हावी.

खाण्याच्या बाबतीतही कोकणी माणसाला येथे परके वाटणार नाही. येथील राष्ट्रीय पदार्थ म्हणजे खारवलेली मासळी आणि उकडलेली कच्ची केळी. आपण ज्याला नीरफणस म्हणतो, तो येथे घरोघरी भाजून खाल्ला जातो. ताहितीहून ते झाड कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये कॅरिबियनमध्ये आणले, तेही गुलामांचे पोट स्वस्तात भरावे म्हणून. आज तेच फळ आवडीचे अन्न झाले आहे. सकाळी मसाला घातलेला गरम 'कोको टी' प्यायला मिळाला तर तो सोडू नये. शाकाहारी जोडप्यांनी मात्र हॉटेलला आधीच कळवलेले बरे.

पक्षीप्रेमींसाठी आणखी एक आकर्षण आहे. सेंट लुसियाचा राष्ट्रीय पक्षी असलेला रंगीबेरंगी पोपट जगात अन्यत्र कोठेही निसर्गात आढळत नाही. १९७० च्या दशकात त्याची संख्या शंभराच्या आसपास उरली होती. शाळकरी मुलांपासून सर्वांना सामील करून घेणारी मोहीम राबवली गेली, कायदे कडक झाले आणि पोपट वाचला. पर्जन्यवनातील वाटेवर भल्या सकाळी त्याचा आवाज कानी पडू शकतो.

वॉलकॉट यांच्या नावाचा चौक कॅस्ट्रीजच्या मध्यभागी आहे. १९९२ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या या कवीने होमरच्या महाकाव्याची छाया घेऊन सेंट लुसियाच्या कोळ्यांवर 'ओमेरोस' हे दीर्घकाव्य रचले. त्यांच्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात भारतीय वाचकाला सुखद धक्का देणारी आहे. ते बोलू लागले ते त्रिनिदादमधील एका खेड्यात गिरमिटियांच्या वंशजांनी सादर केलेल्या रामलीलेविषयी! त्याच व्याख्यानात त्यांनी पर्यटनाच्या माहितीपत्रकांवरही टीका केली. सेवेची तीच ती चित्रे सतत दाखवल्याने एक बेट दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येईनासे होते, अशी त्यांची खंत होती.

जाण्यापूर्वी

*प्रवास :* भारतातून थेट विमान नाही. लंडनहून किंवा अमेरिका-कॅनडातील शहरांमधून हेवानोराला विमाने जातात. ज्या देशातून विमान बदलायचे, त्याचा मार्गस्थ व्हिसा लागतो का याची, तसेच सेंट लुसियाच्या प्रवेशनियमांची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी. उत्तरेकडील हॉटेले विमानतळापासून वळणावळणाच्या रस्त्याने सुमारे दीड तासावर आहेत. भारतीय वेळेपेक्षा येथील घड्याळ साडेनऊ तास मागे चालते.

*ऋतू :* डिसेंबरच्या मध्यापासून मेपर्यंतचा काळ कोरडा आणि सुखद. साहजिकच दरही चढे. जून ते नोव्हेंबर हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा हंगाम. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस 'टोमास' वादळाने येथे मोठी हानी केली होती. या काळात दर उतरतात. पण आरक्षण रद्द करण्याच्या अटी वाचून आणि विमा उतरवूनच जावे. २०११ पासून काही वर्षी अटलांटिकच्या बाजूला सरगॅसम या समुद्री शेवाळाचे थर लागतात. पश्चिम किनाऱ्याला त्याचा त्रास कमी होतो.

*चलन :* पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. पर्यटकांकडून अमेरिकी डॉलरही स्वीकारले जातात. भाव ठरवताना मात्र कोणत्या डॉलरविषयी बोलणे चालले आहे, हे आधी विचारावे.

*मुक्काम :* सगळे दिवस एकाच संकुलात घालवण्यापेक्षा त्यांची विभागणी करावी. काही दिवस ऑल इन्क्लुझिव्ह हॉटेल आणि उरलेले दोन-तीन दिवस सूफ्रिएरमधील स्थानिक मालकाचे अतिथिगृह, अशी आखणी खर्चालाही परवडते.

एवढ्या दूर, एवढा खर्च करून जाणाऱ्या जोडप्याने एकांताची अपेक्षा करणे मुळीच गैर नाही. सेंट लुसियात तो भरपूर मिळतो. परंतु हॉटेलच्या आवारातील एकांत जमैकात मिळतो तसाच अँटिग्वातही मिळतो. थोरल्या पिटनची चढण, ग्रॉस आयलेटची शुक्रवारची मासळी आणि पर्जन्यवनातला तो पोपट मात्र याच एका बेटावर आहेत. सहलीचे आरक्षण करताना सात दिवसांपैकी दोन दिवस त्यांच्यासाठी आधीच राखून ठेवावेत.